शीर

पहिल्या दिवशी गेटवरच्या वॉचमननं विचारलं, पेशंट कोण?
मी म्हटलं, मीच.
म्हणजे, नाही. ड्युटी.
तो हसला नाही. दार फक्त
जरा जास्त उघडलं त्यानं.

सुरगाण्याहून पहाटेच्या गाडीत बसले तेव्हा
मी तुळसा भोये होते.
त्र्यंबक नाक्यावर उतरले,
आणि दुपारच्या गोळ्या वाटेपर्यंत
सिस्टर.
एकवीस पलंगांवरून एकदम, सिस्टर,
आणि मी मागे वळून बघतेय
कुणाला हाक मारतायत म्हणून.

कॉलेजात एक रबरी हात होता.
त्यावर शीर कशी, निळी, सरळ,
नकाशातल्या नदीसारखी.
त्या हाताला कधी थंडी वाजली नाही.
त्याचा थोरला मुलगा दारात उभा राहून
माझा मोबाइलवर व्हिडिओ काढत नव्हता.

इथं दोन पलंगांत एक स्टूल,
स्टुलावर डबा,
डब्यावर कुणाचे तरी दात.
चादरीचा कोपरा मी शिकवल्यासारखा
पंचेचाळीस अंशांत दुमडते
आणि पेशंटची बायको त्यात
भेळेचा पुडा खोचून ठेवते.

डिसेंबरात नाइट लागली.
निफाडचा पारा पेपरात, पेपर खिडकीच्या फुटक्या काचेत.
चौदा नंबरला मुरलीधर तांबट,
वय शहात्तर, पत्ता तांबट आळी.
हातोडीनं कान खाल्लेले,
तळवे असे की सुईच विचारात पडावी.
एकदा टोचलं. चुकलं.
दुसऱ्यांदा टोचलं, तिथं गाठ आली, जांभळी.
मी माफी मागितली, त्यांना ऐकू गेली नाही,
मग मोठ्यानं मागितली,
ती सगळ्या वॉर्डाला ऐकू गेली.

इन्चार्ज एस्तेर बाई शरणपूरच्या.
एकतीस वर्षं झाली, बुटाच्या आवाजावरून
कोण दमलंय ते ओळखतात.
त्या आल्या, ट्रे बघितला, माझा हात बघितला.
वाटलं, घेतील आता सुई काढून.
म्हणाल्या, मी चहा पिऊन येते.

तांबट तेव्हा पहिल्यांदा बोलले.
पोरी, गार तांब्याला ठोकलं की ते चिरतं गं.
आधी तापव.

पॅन्ट्रीतली किटली, एक टॉवेल,
पिळताना बोटं भाजली माझी.
मग त्यांचा हात गुंडाळून
दोन्ही हातांत धरून बसले.
सहा नंबरनं हाक मारली. मी म्हटलं, थांबा.
अकरा नंबरनं मारली. थांबा.
हा आवाज माझ्याकडे होता,
मला माहीत नव्हतं.

शीर वर आली, वाकडीच, अंगठ्याच्या अंगानं,
आमच्या घाटातल्या पायवाटेगत.
सुईच्या मागे रक्ताचा एक थेंब उलटा चढला.
होकार असाच येतो, एवढासाच.

एस्तेर बाई परत आल्या, वाकून पाहिलं.
टेप तिरकी लावलीस.
एवढंच बोलल्या.

तांबट घरी गेले त्या दिवशी माझी सुट्टी होती.
रजिस्टरमधून कळलं.
चौदा नंबरला सातपूरच्या कंपनीतला एक मुलगा,
डेंग्यू, दंडावर तीन तीन नावं गोंदलेली.
त्याची शीर मी बोलता बोलता पकडली.

आणि मग नोटीस बोर्डावर कागद:
सोमवारपासून भोये, लहान मुलांचा वॉर्ड.
आईचा फोन आला. जमलं का गं?
तिला काय सांगू,
जमलं होतं, गुरुवारपर्यंत.

सोमवार, पावणेआठ.
इथल्या शिरा उसवलेल्या दोऱ्यासारख्या.
इथं मला कुणी सिस्टर म्हणत नाही.
पेठची एक चार वर्षांची पोर
पलंगाखालून म्हणते, सुईवाली आली.
असू दे. या नावाचीही सवय होईल.

ती बाहेर यायला वेळ आहे.
किटली ठेवलीय.
तोवर मी हात चोळते,
आधी माझेच.